असॅसिनेशनला मराठीत नेमकं काय म्हणायचं? खून, हत्या, वध की अजून काही?

वाचते_लिहिते:

नमस्कार मंडळी,

एका शाळेच्या वाचनालयासाठी जगाच्या इतिहासावरची छोटी पुस्तिका इंग्रजीतून मराठीत आणायचं काम घेतलंय, वाचणारी मुलं आठवी-नववीची. त्यात लिंकन आहेत, ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आहे, मार्टिन ल्यूथर किंग आहेत आणि गांधीजी आहेत. या चौघांसाठी मूळ लेखकाने सगळीकडे असॅसिनेशन वापरलंय आणि बाकीच्या खुनांना मर्डर. बरीच पानं मी "हत्या" लिहून पुढे गेले, कुठे अडलं नाही. पण एका ठिकाणी तो सरळ म्हणतो की हा मर्डर होता, असॅसिनेशन नव्हतं. आता तिथे "तो खून होता, हत्या नव्हती" असं लिहिलं तर कुठलंही पोर विचारणार की म्हणजे काय, खून वेगळा आणि हत्या वेगळी असते का? मला स्वतःलाच ते वाक्य वाचून काही बोध होत नाही.

शब्दकोशात खून, हत्या, वध, घात सगळं एका ओळीत दिलेलं असतं, कुठला कधी वापरायचा ते कोणी सांगत नाही. तर राजकीय कारणासाठी केलेला खून एवढाच अर्थ असलेला वेगळा शब्द मराठीत आहे का? वध चालेल का? आणि मारणाऱ्याला काय म्हणायचं, खुनी की मारेकरी? घाई नाहीये. पण गांधीजींचं पान मला नीट लिहायचंय, तिथे एकही शब्द वेडावाकडा पडायला नको.

टिळकरोड:

राजकीय हत्या. पेपरवाले वर्षानुवर्षं हेच लिहितात आणि सगळ्यांना कळतं. अडलेलं वाक्य "तो खून होता, पण राजकीय हत्या नव्हती" असं करा.

काळाकोट_कोल्हापूर:

राजकीय हत्या बरोबरच आहे पण कायद्यात हे शब्द कसे बसलेत ते सांगतो, भाषांतराला उपयोग होईल. आपल्या फौजदारी कायद्यात राजकीय खून असा वेगळा गुन्हाच नाही. पंतप्रधानाला मारलं काय आणि बांधाच्या भांडणात भाऊबंदाला मारलं काय, कलम एकच, आधी भारतीय दंड विधानाचं (भादंवि) ३०२ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १०३. हेतू पुराव्यात येतो, शिक्षा ठरवताना येतो, पण त्याने गुन्ह्याचं नाव बदलत नाही. आणि मराठीत त्या गुन्ह्याचं नाव आहे खून. हिंदीत त्याच गुन्ह्याला हत्या म्हणतात, म्हणून हिंदी बातम्या बघणाऱ्या आपल्या लोकांना हत्या हा जास्त सरकारी, जास्त वजनदार शब्द वाटतो. मराठी कोर्टात उलटं आहे, एफआयआर, चार्जशीट, निकालपत्र, सगळीकडे खून. गांधीजींच्या खटल्यातसुद्धा, लाल किल्ल्यात न्या. आत्माचरण यांच्यापुढे जो चालला त्यात, आरोप खुनाचा आणि खुनाच्या कटाचाच होता.

आणि वध पण कायद्यात आहे बरं का. सदोष मनुष्यवध. इमारत कोसळली, बिल्डरवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल, हे आपण महिन्यातून एकदा तरी वाचतोच. तिथे वध म्हणजे माणूस मारला जाणं एवढंच, शौर्य नाही, पुण्य नाही. म्हणजे कायद्याच्या मराठीत खून हा सगळ्यात वाईट आणि मनुष्यवध त्याच्या खालचा. बोलीभाषेत वध या शब्दाला जो मान आहे तो कायद्याला माहीतच नाही.

मुलांसाठी एक ओळ टाकायची असेल तर अशी टाका की कायद्याच्या दृष्टीने दोन्ही खूनच, पण राज्यकारभार किंवा विचार बदलायच्या हेतूने एखाद्या महत्त्वाच्या माणसाला ठरवून मारलं तर इतिहासात त्याला राजकीय हत्या म्हणतात.

बखरवाला:

ताई, तुम्ही शेवटी विचारलेला प्रश्न, मारणाऱ्याला काय म्हणायचं, तोच या सगळ्यात कामाचा आहे. कारण मराठीत हा फरक कृतीच्या नावात फारसा नाहीये, करणाऱ्याच्या नावात आहे. आपण इंदिरा गांधींचे मारेकरी म्हणतो, राजीव गांधींचे मारेकरी म्हणतो, पुण्यात १० ऑगस्ट १९८६ ला जनरल अरुणकुमार वैद्य यांना भर रस्त्यात गोळ्या घातल्या त्यांचे मारेकरी म्हणतो. "इंदिरा गांधींचे खुनी" हे व्याकरणाने बरोबर असून जिभेवर येत नाही. खुनी हा रागाच्या भरात झालेला पण असतो, दारूच्या नशेत झालेला पण असतो. मारेकरी तसा होत नाही, मारेकरी मारायला म्हणूनच येतो.

आणि जुन्या मराठीत तर अख्खा वाक्प्रचार आहे, मारेकरी घालणे. अमक्याने तमक्यावर मारेकरी घातले. या दोन शब्दांत बघा किती गोष्टी येतात, बेत आधी शिजलाय, हात दुसऱ्याचा आहे आणि करवणारा मागे बसलाय. इंग्रजी शब्दात करवणारा दिसत नाही, आपल्यात दिसतो. इंग्रजी शब्द निघालाच मुळी इराणमधल्या अलमूतच्या किल्ल्यातल्या निझारी या मुस्लिम पंथाच्या लोकांवरून, त्यांचा प्रमुख हसन सब्बाह आणि त्याचे जिवावर उदार झालेले फिदाई, १०९२ मध्ये सेल्जूक या तुर्की राजघराण्याचा वजीर निजाम उल मुल्क मारला गेला तो त्यांच्या हातून असं मानतात. म्हणजे तिकडेही सुरुवात पाठवलेल्या माणसापासूनच आहे.

आपल्याकडचं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे, पण शब्दांच्या नजरेने परत बघा. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस, शनिवारवाडा. नारायणराव पेशवे अठरा वर्षांचे. काका राघोबादादा त्याच वाड्यात नजरकैदेत. पगार थकलेले गारदी, म्हणजे पगारी शिपाई, सुमेरसिंग त्यांचा पुढारी, तलवारी उपसून आत घुसले. पोरगा पळत जाऊन काकाच्या कमरेला मिठी मारतो आणि त्याला तिथून ओढून काढून मारतात. "ध चा मा" झाला म्हणतात, धरावेचं मारावे, आनंदीबाईंनी केलं म्हणतात, ती लोकांनी सांगत आणलेली कथा आहे, तिला पुरावा धरू नका. पण ती कथा तरी कशाबद्दल आहे? हुकूम कोणी दिला याबद्दल. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली ती गारद्यांपाशी थांबली नाही, मारेकरी घालणाऱ्यापर्यंत गेली आणि दादांना त्यांनी तोंडावर देहांत प्रायश्चित्त सांगितलं. त्यांनी प्रायश्चित्त हा शब्द वापरला हे पण लक्षात घ्या, प्रायश्चित्त पातकाला असतं.

म्हणून माझं मत, नाम म्हणून राजकीय हत्या घ्या, माणसासाठी मारेकरी घ्या, आणि जिथे कट आहे, मागे कोणीतरी आहे, तिथे बिनधास्त "मारेकरी घातले" लिहा. मुलांना नवा वाक्प्रचार मिळेल.

दैनिक_नाईटशिफ्ट:

बखरवाला दादा, पटलं पण सगळं नाही. आमच्या पेपरात सराफाला लुटून मारलं तरी दुसऱ्या दिवशी मथळा "मारेकरी फरार" असाच असतो. पकडला जाईपर्यंत मारेकरी, पकडला की संशयित, मग आरोपी, शिक्षा लागली की दोषी. खुनी हा शब्द डेस्कवर आम्ही टाळतोच कारण खटला संपायच्या आत कोणाला खुनी म्हटलं तर नोटीस येते. मारेकरी त्यातल्या त्यात सुरक्षित, तो कोणाचं नाव घेत नाही.

मथळ्यात हत्या जास्त दिसते त्याचं एक कारण तर शुद्ध छपाईचं आहे, "निर्घृण हत्या" बसतं छान. दुसरं म्हणजे मोठ्या माणसाचा खून झाला असं लिहायला हात धजत नाही, खून म्हटलं की गल्लीतलं वाटतं. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही, पण आहे हे असं आहे. उपसंपादक म्हणून रुजू झालो तेव्हा पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, नेत्याची हत्या, बाकीच्यांचा खून. मला ते तेव्हाही खटकलं आणि आजही खटकतं. गरीब माणूस मेला तर खून आणि आमदार मेला तर हत्या, ही वर्गवारी भाषेने का करायची?

कृष्णाकाठ:

मी वध या शब्दाबद्दल लिहिते, कारण त्यावर सहसा लगेच शिक्का मारला जातो.

आमचं मूळ घर सातारा भागातलं. ३१ जानेवारी १९४८ नंतरच्या दिवसांत तो वाडा जाळला गेला, आजोबांनी धान्याची दोन पोती आणि देव बाहेर काढले, बाकी सगळं गेलं. आजी पुढे आयुष्यभर "गांधीवधाच्या वेळी" असं म्हणायची. "तुझा बाबा गांधीवधाच्या वेळी चार वर्षांचा होता." "ही परात गांधीवधाच्या आधीची." तिच्या बोलण्यात त्या शब्दाला कुठलाही जयजयकार चिकटलेला नव्हता, ते फक्त काळाचं नाव होतं, प्लेगच्या वेळी म्हणतात तसं. गांधीजींना मारलं ते महापाप झालं हे ती स्वच्छ म्हणायची आणि आपलं घर जाळणाऱ्यांनी पण पाप केलं हेही म्हणायची. आजोबांनी त्या कृत्याचं समर्थन केल्याचं घरात कोणीच कधी ऐकलं नाही.

आमच्या भागात जुन्या पिढीच्या तोंडी हा शब्द सर्रास होता. म्हणून कोणी वय झालेला माणूस गांधीवध म्हणाला तर लगेच तो गोडशांचा माणूस असं ठरवू नका एवढंच माझं म्हणणं आहे. तुमच्या पुस्तिकेत वध घाला असं मी म्हणत नाहीये, नकाच घालू. पण टीप देणार असाल तर ती अशी नको की हा शब्द वापरणारे सगळे खुनाचे समर्थक.

पायवाट:

कृष्णाकाठ ताई, तुमच्या आजीच्या शब्दाबद्दल माझी काही तक्रार नाही, खरंच नाही. पण आज २०-२५ वर्षांचा मुलगा सोशल मीडियावर गांधीवध टाइप करतो तेव्हा तो आजीच्या अर्थाने करत नाही. तो निवडून करतो. त्याला हत्या शब्द माहीत असतो, खून माहीत असतो, तरी तो वध घेतो, कारण वध म्हटलं की मरणारा आपोआप राक्षस होतो आणि मारणारा देवाच्या जागी जाऊन बसतो. वाद न घालता एका शब्दात खटला निकाली. म्हणून छापील मजकुरात, त्यातून मुलांच्या पुस्तकात, वध अजिबात नको.

मला हा विषय जवळचा आहे. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. त्या दिवशी दुपारपासून आम्ही गावातले दहा-बारा जण निवेदन लिहायला बसलो होतो आणि पहिल्याच ओळीवर अडलो, हत्या लिहायचं की खून. एकजण म्हणाला निधन लिहा, शांतता राहील. त्याच्यावर सगळेच चिडले. शेवटी खून लिहिलं. कारण हत्या ऐकायला मोठी वाटते पण लांबची वाटते, कुठल्यातरी राजधानीत घडलेली. खून म्हटलं की रक्त दिसतं, तपास आठवतो, आरोपी कुठे आहे हा प्रश्न लगेच समोर येतो. पुढे १६ फेब्रुवारी २०१५ ला कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या, पानसरे २० तारखेला गेले, त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडला प्रा. कलबुर्गी, २०१७ च्या ५ सप्टेंबरला बंगळूरात गौरी लंकेश. प्रत्येक वेळी आम्ही खूनच लिहिलं. दाभोलकरांच्या खटल्याचा निकाल लागायला १० मे २०२४ उजाडलं, दोघांना जन्मठेप, तिघे सुटले. हा सगळा काळ पोलिस, कोर्ट, तारीख यात गेला आणि तिथे चालतो तो शब्द खूनच.

त्यामुळे नाईटशिफ्ट सरांना उत्तर, खून हा शब्द गल्लीतला वाटतो म्हणूनच मला तो मोठ्या माणसांसाठीही हवा. आणि यातले कोणी सत्तेत नव्हते हेही बघा. एक डॉक्टर, एक वकील, एक प्राध्यापक, एक पत्रकार. विचार थांबवायला मारलं म्हणून ते राजकीय.

अनुष्टुभ:

वधाबद्दल दोन्ही बाजू बरोबर आहेत आणि त्याचं कारण शब्दाच्या प्रवासात आहे. संस्कृतात वध म्हणजे मारणं, बास. महाभारताच्या द्रोणपर्वातली उपपर्वं ओळीने घ्या, अभिमन्युवध, जयद्रथवध, घटोत्कचवध, द्रोणवध. दोन्ही बाजूंचे लोक आहेत, अभिमन्यूला सहा महारथींनी घेरून मारलं ते धर्माला धरून होतं असं कोणीच म्हणत नाही, तरी शब्द वधच. रामायण सुरू होतं क्रौंचवधाने आणि तिथे तर मरणारा बिचारा पक्षी आहे, शाप मारणाऱ्याला मिळतो. तेव्हा काळाकोट साहेबांचा मनुष्यवध आणि कृष्णाकाठ ताईंच्या आजीचा वध हे त्या जुन्या अर्थाचेच वारस आहेत.

मराठीत पुढे काय झालं तर आपण हा शब्द ऐकला तो कीर्तनात, दशावतारात, पोवाड्यात. कंसवध, रावणवध, पूतनावध, आणि अगिनदासाचा अफझलखानाच्या वधाचा पोवाडा. शे-दोनशे वर्षं कानावर हेच पडत राहिलं तर मरणारा दुष्टच असणार हा अर्थ शब्दात मुरणारच. १९०७ च्या 'कीचकवध' नाटकात खाडिलकरांनी माजी व्हाइसरॉय कर्झनचं नाव कुठेही घेतलं नाही पण प्रेक्षकांना कीचक म्हणजे कर्झन हे सांगावं लागलं नाही, सरकारलाही लागलं नाही, १९१० मध्ये बंदी आली. आणि म्हणूनच जुन्या इतिहासलेखनात "संभाजी महाराजांचा वध" असं सरळ लिहिलेलं आज वाचलं की माणसं कळवळतात, आणि त्यांचं बरोबर आहे, तो शब्द आता त्या जागी बसत नाही. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, शब्द मधल्या काळात सरकला.

हत्येचं तिसरंच. ब्रह्महत्या, गोहत्या, बालहत्या, भ्रूणहत्या, हे सगळे शब्द पातकाच्या यादीतले. हत्या म्हणजे जिचं पाप लागतं ती. खून फारसीतून आला, मूळ अर्थ रक्त, तो आपल्याकडे गुन्ह्याच्या बाजूला गेला. गांधीहत्या या शब्दात जो जडपणा आहे तो ब्रह्महत्येच्या शेजारून आलेला आहे असं मला वाटतं, आणि म्हणून गांधीजींच्या पानासाठी मला तोच शब्द योग्य वाटतो. पायवाट यांचा खूनही चालेल. वध नको.

टिळकरोड:

वध की खून हा आपल्याकडे नुसता व्याकरणाचा प्रश्न कधीच नव्हता. १५ जून १८९७ च्या केसरीत शिवराज्याभिषेक उत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत आला, त्यात मुद्दा हाच की शिवरायांनी अफझलखानाला मारलं ते पाप होतं का, आणि उत्तर नाही असं. आठवड्यात, २२ जूनला, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग कमिशनर रँडवर गोळी झाडली. लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि दीड वर्षाची शिक्षा लागली. आजही पुण्यात एक माणूस रँडचा खून म्हणेल, दुसरा रँडचा वध म्हणेल, आणि दोघांच्याही मनात चापेकरांबद्दल आदरच असेल.

वाचते_लिहिते:

इतकं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री उशिरापर्यंत परत परत वाचलं.

लिंकनच्या पानावर अनुष्टुभ यांच्या लिहिण्याचा लगेच उपयोग झाला. १४ एप्रिल १८६५ ला फोर्ड्स थिएटरमध्ये गोळी झाडल्यावर जॉन विल्क्स बूथने रंगमंचावर उडी टाकली आणि लॅटिनमधलं एक वाक्य ओरडला, जुलमी सत्ताधीशांची हीच गत होते अशा अर्थाचं. म्हणजे बूथच्या मनात तो वधच होता. मी आता असं केलंय की निवेदनात "हत्या", बूथच्या बाजूने विचार सांगताना "वध", आणि खटल्याची हकीकत येते तिथे "खून". तीन शब्द तीन तोंडी. मुलांना फरक न सांगता कळेल असं वाटतंय.

आता दोन शंका. एक, राजकारणी मारला गेला की ती आपोआप राजकीय हत्या का? दुसरी जरा अवघड आहे. साराजेव्होत २८ जून १९१४ ला फर्डिनांडबरोबर त्याची बायको सोफी पण मेली. गाव्ह्रिलो प्रिन्सिपने पुढे सांगितलं की तिला मारायचं नव्हतं, दुसरी गोळी गव्हर्नर पोटिओरेकसाठी होती. मग सोफीची काय, हत्या की खून? मूळ पुस्तकात ती एका वाक्यात येते आणि जाते. मला ते वाक्य सोडवत नाहीये. तीन मुलांची आई होती ती.

गिरणगाव:

पहिल्या शंकेचं सांगतो. नाही, आपोआप नाही. पद बघायचं नाही, कारण बघायचं. प्रमोद महाजन किती मोठे नेते होते, २२ एप्रिल २००६ ला सख्ख्या धाकट्या भावाने घरात येऊन गोळ्या झाडल्या, ३ मेला गेले. पेपरात हत्या छापलं, पण कोर्टात जे शाबीत झालं ते भावाने भावाला मारल्याचं. तुमच्या त्या अडलेल्या वाक्यासारखंच, नेत्याचा खून, राजकीय हत्या नव्हे.

याच्या उलट कॉ. कृष्णा देसाई. लालबाग-परळचे कम्युनिस्ट आमदार, ५ जून १९७० ला रात्री तलवारी-सुऱ्यांनी मारलं. पोटनिवडणूक लागली, त्यांच्या पत्नी सरोजिनीताई उभ्या राहिल्या, आणि वामनराव महाडिक निवडून आले, शिवसेनेचे पहिले आमदार. इथे मारण्याने राजकारण बदललं, सगळ्या गिरणगावाचं बदललं. आमच्या चाळीत जुनी माणसं आजही "कृष्णाचा खून झाला" असंच म्हणतात, हत्या म्हणत नाहीत. घरातला माणूस असला की खूनच म्हणतात. १६ जानेवारी १९९७ ला कामगार नेते डॉक्टर दत्ता सामंतांना पवईला गोळ्या घातल्या, अंत्ययात्रेत माझे वडील होते, घरी आले आणि एवढंच म्हणाले, "डॉक्टरांना मारलं." मारलं. एवढं पुरतं खरं तर.

बखरवाला:

सोफीबद्दल विचारलंत ते बरं केलंत, अशी माणसं आपल्या प्रत्येक प्रकरणात आहेत आणि त्यांच्यासाठी कोणी थांबत नाही. नारायणरावांबरोबर त्यांचा सेवक चापाजी टिळेकर मेला, मालकाच्या अंगावर आडवा पडला म्हणून. रँडच्या मागच्या बग्गीत लेफ्टनंट आयर्स्ट होता, तो जागच्या जागी गेला, रँड तर ३ जुलैपर्यंत जिवंत होता. श्रीपेरुंबुदूरला २१ मे १९९१ ला राजीव गांधींबरोबर दहा-बाराहून जास्त माणसं मेली, त्यात पोलिस होते, कार्यकर्ते होते.

यांना हत्या शब्द लागत नाही, कारण हत्या नेम धरून केलेली असते. कायद्याने मात्र तो खूनच, एकाला मारायला गेला आणि दुसरा मेला तरी खूनच, हे काळाकोट साहेब सांगतीलच. मराठीत आपण म्हणतो "मारली गेली" किंवा "बळी गेली". बळी मला सोफीसाठी आवडत नाही, बळी कुणालातरी दिलेला असतो. मी असं लिहीन: "फर्डिनांडची हत्या झाली. त्याच्या शेजारी बसलेली त्याची पत्नी सोफी हीसुद्धा प्रिन्सिपच्या गोळीने मारली गेली." आणि तुम्ही म्हणालात ती तीन मुलं, ती पण एका वाक्यात घाला. मूळ लेखकाने घातली नसतील तर तळटीप द्या.

काळाकोट_कोल्हापूर:

हो, हेतू एकाला मारायचा आणि मेला दुसरा तरी खूनच, त्यासाठी वेगळं कलम आहे, आधी ३०१, आता न्याय संहितेत १०२. सोफीचं वाक्य बखरवाल्यांनी दिलंय तसंच ठेवा.

दैनिक_नाईटशिफ्ट:

अजून एक लागेल तुम्हाला, वाचलेल्यांचं. मारायला गेले आणि माणूस वाचला तर "हत्येचा प्रयत्न" बरोबर आहे पण सगळीकडे तेच नको. माणूस जखमी झाला असेल तर "प्राणघातक हल्ला", नुसताच कट उघडकीला आला असेल तर "हत्येचा कट". आणि क्रियापद सांभाळा, नाव माहीत असेल तिथे "बूथने लिंकन यांची हत्या केली" लिहा, उगाच "हत्या झाली" नको. केली म्हटलं की कोणी केली ते लिहावंच लागतं. "हत्या करण्यात आली" तर अजिबातच लिहू नका, आमच्याकडे रोज लिहितात आणि मी रोज कापतो.

वाचते_लिहिते:

कापते मीही, आत्ताच सात ठिकाणी सापडलं. किंग यांच्या पानावर आता "४ एप्रिल १९६८ ला मेम्फिसमध्ये जेम्स अर्ल रे याने गोळी झाडून त्यांची हत्या केली" असं आहे. सोफीच्या मुलांची तळटीप घातली. पूर्ण झालं की गांधीजींचं पान इथे टाकते, छापायला जायच्या आधी कृष्णाकाठ ताई आणि पायवाट, तुम्ही दोघांनी वाचून बघाल का?

कृष्णाकाठ:

टाका, नक्की वाचते.

पायवाट:

हो, टाका. रविवारी वेळ आहे.